मातीला गेलो नाही

माझी पोस्टिंग होटगीच्या माळावर होती. ड्रॅगन पलटण, दुसरी तुकडी. नाव मायाप्पा, हुद्दा नायक, गाव वळसंग. मला दिलेली ड्रॅगन मादी होती. तिचं नाव काजळी. सहा वर्षं मी तिच्यावर उडलो.

ड्रॅगन पलटण सोलापुरातच का, असं सिव्हिलियन लोक विचारतात. कारण साधं आहे. ड्रॅगनला ऊन लागतं. थंड मुलखात त्याची आग पेटत नाही आणि अंगही उठत नाही. आमच्याकडं उन्हाला तोटा नाही, आणि होटगीच्या बाजूला चुनखडी आहे. ड्रॅगन चुनखडी खातो, त्याशिवाय पोटात आग धरत नाही. रोजच्या दोन पाट्या चुनखडी आणि आठवड्याला तीन मेंढरं, असं एका जनावराचं रेशन होतं.

रूटीन असं. पहाटे चारला उठणं. पाचला ड्युटीचा ड्रॅगन भट्टीपुढं आणून बसवणं. सहाला खोगीर. सातला फॉल इन. ऊन चढलं की उड्डाण. दुपारी अंग घासायचं. ड्रॅगनचं अंग विटेनं घासतात, ब्रश टिकत नाही. ज्यांनी मेंढरं राखली त्यांना हे काम जमतं, म्हणून भरती बहुतेक धनगरांचीच. आम्हाला जनावराची भीती नव्हती. साहेब लोकांची होती.

आता घोंगड्याचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रिक्रूटला ड्रॅगन मिळत नाही, अंडं मिळतं. ते अंडं त्यानं आपल्या घरच्या घोंगड्यात गुंडाळून चाळीस दिवस भट्टीजवळ ठेवायचं. पिल्लू फुटून बाहेर येतं ते त्या लोकरीचा वास घेऊनच. पुढं जन्मभर तो वास म्हणजे त्याचं घर. ड्रॅगन दुसऱ्या ड्रॅगनला ओळख देत नाही, माणसाचं तोंडही ध्यानात ठेवत नाही. तो फक्त लोकर मानतो. म्हणून स्वार ते घोंगडं अंगावर घेऊनच उडतो. घोंगडं दुसऱ्याला द्यायचं नाही, धुवायचं नाही, हरवायचं नाही. अशी स्टँडिंग ऑर्डर होती, म्हणजे कायमचा हुकूम.

मी भरती झालो तेव्हा आमच्या घरी एक मेंढरू नव्हतं. रोगात सगळी गेली होती. आई तर मी चार वर्षांचा असतानाच गेली. माझ्याबरोबर गावचाच बिराप्पा भरती झाला. त्याच्या आईनं, सत्यवा मावशीनं, एकाच कातरणीची लोकर पिंजली, सूत काढलं आणि सनगराकडून दोन घोंगडी विणून आणली. चिंचोक्याची खळ दिलेली, काळीभोर. एक लेकाला दिलं, एक मला.

"दोघांचं एकच सूत हाय," ती म्हणाली. "भांडलासा तर घोंगडी परत घीन."

माझ्या अंड्यातून काजळी निघाली. बिराप्पाच्या अंड्यातून नर निघाला. त्याचं एक शिंग जन्मताच मोडकं होतं, म्हणून त्याचं नाव भुंडा.

एक सूत म्हणजे काय ते आम्हाला फायरिंग रेंजवर कळलं. टार्गेटला बुजगावणं उभं केलेलं होतं. हुकूम द्यायची रीत अशी, तोंडानं 'फायर' म्हणायचं आणि दोन्ही टाचा एकदम मारायच्या. मी दोनदा फायर म्हणालो. काजळीनं तोंड उघडलं नाही. मान खाली घालून कोंबडीसारखी बसली. आमचे सुभेदार इरण्णा साहेब अक्कलकोटचे. ते ओरडले, "ए मायाप्पा, तुझी काजळी बुजगावण्यावर भाळली काय रे?"

तेवढ्यात बिराप्पा पाणी पिऊन पळत आला. "सायेब, थांबा! माझं घोंगडं हाय त्येच्यावर. घामानं भिजलं म्हणून वाळत टाकलंय."

"मग तुझ्यावर भाळली की!"

घोंगडं काढलं. मी फायर म्हणालो. बुजगावण्याची राख झाली. सगळी तुकडी हसत होती. इरण्णा साहेब म्हणाले, "उद्या तुमी दोघं वैरी झालासा तर सरकारचं कसं व्हायचं? ह्या जनावरास्नी तुमाला मारता बी यायचं न्हाई."

त्याच्या पुढच्या वर्षी मी बिराप्पाच्या बहिणीशी लग्न केलं. तिचं नाव बायडा. सत्यवा मावशी माझी सासू झाली, पण मी तिला मावशीच म्हणत राहिलो. बायडा माझ्याबरोबर होटगीला क्वार्टरमध्ये राहायला आली.

मग क्रांती झाली.

तेव्हा राजेसाहेबांचं राज्य होतं. सोलापुरात विणकरांनी हातमाग बंद ठेवले, गिरण्या बंद झाल्या, माणसं रस्त्यावर आली. आम्हाला हुकूम झाला की गर्दीवर जा. आठ ड्रॅगन गेले. खाली माणूस माणसाला चिकटून उभा होता. बायका होत्या, कडेवर पोरं होती. वायरलेस सेटवर 'फायर' असा हुकूम आला. आठांपैकी एकानंही तो पुढं दिला नाही. आम्ही वळून माघारी आलो. त्यानंतर बाराव्या दिवशी राजेसाहेब पळाले आणि क्रांतिकारकांच्या समितीचं राज्य आलं.

समितीनं आमच्याकडून नवी शपथ मागितली. एक छापील कागद होता, त्यावर सही करायची. मी केली. ज्यानं बायकापोरांवर आग टाकायला सांगितलं, त्याची चाकरी मला नको होती. हे मी आजही म्हणतो.

बिराप्पानं केली नाही. भरतीच्या दिवशी आम्ही राजाच्या नावानं बिरोबापुढं भंडारा उचलून शपथ घेतली होती. त्यावर तो अडला.

मी म्हणालो, "तू बी तर फायर केलं न्हाईस गर्दीवर."

"हुकूम मोडला. भंडारा न्हाई मोडला."

"एकच की ते."

"एकच कसं? बापानं चोरी कर म्हटलं तर करू नये. म्हणून बाप बदलायचा व्हय?"

"तुझा बाप पळून गेला, बिऱ्या."

"म्हणून तर कुणी तरी ऱ्हायला पायजे."

त्याच आठवड्यात तो आणि आणखी सहा स्वार ड्रॅगन घेऊन सीना नदीच्या पलीकडं गेले. राजाच्या पुतण्यानं तिकडं माढ्याच्या बाजूला माणसं जमवली होती. नदीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं ते. दोन महिने असं चाललं. समितीनं आमच्या टॉवरमध्ये एक निरीक्षक आणून बसवला. बारीक अंगाचा, खिशाला दोन पेनं. कोण कुणाशी बोलतो ते तो वहीत लिहायचा. पहिल्या तुकडीच्या दोघा स्वारांनी पलीकडच्या ड्रॅगनला जाऊ दिलं होतं. त्यांना नेलं. ते माघारी आले नाहीत.

पौष महिना होता. थंडी पडली होती. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला वळसंगहून माणूस आला. सत्यवा मावशी पहाटे गेली. झोपेतच गेली. मी मेजर साहेबांना सांगितलं. मेजर साहेब जुने माणूस. त्यांनी स्वतः सेटवरून पलीकडं कळवलं. अर्ध्या तासात पलीकडून बिराप्पाचा आवाज आला.

"मातीला येऊ द्या, सायेब. चुनखडी न खाता येतो. पोटात आग नसंल."

"दिवस मावळायच्या आत येऊन जा," मेजर साहेब म्हणाले. "कुणी हात लावणार नाही. मावळल्यावर माझा शब्द नाही."

"व्हय सायेब."

मी रजेचा अर्ज घेऊन टॉवरमध्ये गेलो. निरीक्षकानं वाचला. चहाचा घोट घेतला.

"सासू का?"

"व्हय."

"मेव्हणा पण येणार तिथं."

"व्हय."

"जा की. कोण अडवतंय?" त्यानं पेनाचं टोपण काढलं. "किती वाजता निघणार? तेवढं लिहून ठेवतो."

मी त्या पेनाकडं पाहिलं. मग म्हणालो, "ऱ्हाऊ द्या. उद्या पहाटे ड्युटी हाय माझी."

अर्ज परत घेतला. मला कुणी अडवलं नव्हतं, हे नीट ध्यानात घ्या. पुढं लोक म्हणाले, मायाप्पाला समितीनं सोडलं नाही. खोटं आहे ते. मी घाबरलो आणि गेलो नाही.

बायडा क्वार्टरच्या दारात पिशवी घेऊन उभी होती. चुनखडीचा ट्रक वळसंगच्या वाटेनं जाणार होता.

"चला," ती म्हणाली.

"तू हो म्होरं."

"मागनं येतासा?"

"बघतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बघायचं काय त्येच्यात? तुमच्या अंगावरचं सूत तिनं काढलंय."

"ड्युटी हाय."

ती ट्रकमध्ये चढली. दुपारी दोनला भुंडा आमच्या माळावरून गेला, खालून, सावकाश. मी शेडमध्ये काजळीला घासत होतो. मी बाहेर आलो नाही.

दिवस मावळला तरी भुंडा माघारी गेला नाही. टॉवरनं नोंद केली. बायडा तिसऱ्या दिवसापर्यंत माहेरीच राहणार होती. तेव्हा गावात फोन नव्हता. वळसंगात काय झालं, कोण आलं, कोण रडलं, मला काही कळलं नाही. मी विचारायलाही कुणाला पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात अडतीसला सायरन झाला. पूर्वेकडून एक ड्रॅगन येत होता. ड्युटीवर दोन स्वार होते. दुसऱ्याचा ड्रॅगन अजून तापला नव्हता, उठत नव्हता. काजळी पाचपासून भट्टीपुढं होती. सात चव्वेचाळीसला मी एकटा वर गेलो.

लांबूनच मोडकं शिंग दिसलं.

"टॉवर ते दोन-चार. ओळख पटली?" निरीक्षकच बोलत होता. दोन-चार म्हणजे मी.

"पटली. भुंडा."

"मुदत संपलेली आहे. फायर."

मी सेटवर म्हणालो, "दोन-चार ते भुंडा. खाली उतर."

"मायाप्पा, तूच हायेस व्हय?" बिराप्पा म्हणाला. "बरं झालं बाबा."

"खाली उतर, बिऱ्या. येळ संपलीया."

"म्हाईत हाय. माती व्हायला दिवस कलला. जनावर गारठलं रातीत, उठलंच न्हाई. लाथा घातल्या, शिव्या घातल्या. ऊन लागलं तवा उठलं. आता सीना गाठू दे."

"उतर म्हणतो ना."

"उतरून काय करू? तुझ्या वहीवाल्याला चा पाजू?" मग म्हणाला, "काल आला न्हाईस."

"ड्युटी हुती."

भुंडा सरळ येत होता.

"बायडा वाट बघत हुती," तो म्हणाला.

मधेच टॉवरचा आवाज आला. "दोन-चार, गप्पा बंद. शेवटचं सांगतो. फायर."

हे बिराप्पालाही ऐकू गेलं. दोघांच्या सेटची लाइन एकच होती. तो पळाला नाही. त्यानं भुंडाला वळवलं आणि माझ्या डाव्या अंगाला आणलं, पंखाखाली पंख. ड्रिलला आम्ही तसेच उडायचो. चाळीस हातांवर आला. मला त्याचा चेहरा दिसत होता. दाढी वाढलेली, डोकं नवीन भादरलेलं. आईचं सुतक. त्यानं हात वर केला.

त्या वेळेला माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला ते माहीत नाही. मला रेंजवरचं बुजगावणं आठवलं. बिराप्पाच्या अंगावर घोंगडं आहे. एकच सूत आहे. काजळी तोंड उघडणार नाही. मी हुकूम दिला तरी तो सीना गाठणार. मी हुकूम दिलेला टॉवरला ऐकू जाणार. जनावरानं ऐकलं नाही, त्याला स्वार काय करणार? मी वाचतो, तो वाचतो, वहीत काही लिहायला उरत नाही. मला हे लई हुशारीचं वाटलं.

टॉवरला नीट ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं म्हणालो.

"फायर."

आणि टाचा मारल्या.

काजळीनं तोंड उघडलं. सात बावन्न झाले होते.

भुंडा शाळूच्या रानात पडला. शाळू हुरड्याला आला होता. रानातली माणसं विहिरीवरून घागरी घेऊन धावली. मी शेजारच्या पडीक रानात उतरलो आणि पळत गेलो. बिराप्पा पालथा पडला होता. जिवंत नव्हता. त्याच्या पाठीवर अर्धं जळलेलं कांबळं होतं. सरकारी, खाकी रंगाचं, नवं. मी भुंडाच्या खोगिराखाली पाहिलं. शाळूत दोन्ही बाजूंनी शोधलं. घोंगडं कुठंच नव्हतं. खोगिरात मुरलेल्या वासावर भुंडा उठला असणार, पण काजळीला लांबून तेवढा वास पुरला नाही.

एक म्हातारा घागर घेऊन उभा होता. तो म्हणाला, "काय हुडकतासा, सायेब? माणूस तर हितं पडलाय."

वळसंगला मी चालत गेलो. काजळीवर बसवेना. बायडा अंगणात बायांमध्ये बसली होती. माझा युनिफॉर्म बघून बाया सरकल्या.

"आलासा," ती म्हणाली. "आज आलासा व्हय."

"बायडा, बिऱ्या गेला."

"कुटं गेला? सकाळीच निगाला की माढ्याला."

ती उठून उभी राहिली.

"कुणी?"

"मी."

आवाज केला तो दुसऱ्या बायांनी. मी म्हणालो, "त्येच्या अंगावर घोंगडं नव्हतं. कुटं गेलं घोंगडं?"

"आईच्या अंगावर घातलं त्यानं. तिचं सूत तिच्यासंगं जाऊ दे म्हणाला. मातीत गेलं." मग ती मला एकेरीत बोलली. लग्नानंतर पहिल्यांदा आणि शेवटचं. "काल आला असतास तर तुझ्या डोळ्यांनी बघितलं असतंस."

आमच्यात पुरतात. आणि थोरल्या लेकानं आपल्या अंगावरचं घोंगडं आईवर घालायचं, ही आमच्या भावकीतली रीत आहे. मला ती माहीत होती. दुसऱ्यांच्या घरी मी लहानपणी पाहिली होती. माझ्या आईच्या वेळेला मी लहान, मला कुणी घालायला लावलं नाही. पलटणीत आल्यावर मी स्टँडिंग ऑर्डर शिकलो, की स्वार घोंगडं सोडत नाही. मी ऑर्डर ध्यानात ठेवली. बिराप्पानं रीत ध्यानात ठेवली. त्याच्या जागी दुसरं काही तो करूच शकत नव्हता, आणि हे मला त्याच्या आईची बातमी आली तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

बिराप्पाला आईशेजारीच पुरलं. भावकीनं मला येऊ दिलं नाही. मी ओढ्याच्या अलीकडं उभा राहिलो.

पुढच्या परेडला मला हवालदार केलं. निरीक्षकानं माझ्याशी हात मिळवला. म्हणाला, "तुमच्याबद्दल मला शंका होती, आता नाही." काजळीवर मी परत बसलो नाही. तिला दुसरा स्वार देऊन बघितला, पण माझ्या घोंगड्याशिवाय ती कुणाला जवळ येऊ देईना. मी ते तिच्या पुढ्यात ठेवून पलटण सोडली. ती दुसऱ्या पावसाळ्यात मेली असं नंतर कळलं.

तेरावा झाल्यावर बायडा माझ्याकडं परत आली. का आलीस, असं मी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. आम्ही एक्केचाळीस वर्षं संसार केला. एक मुलगी झाली. तिचं लग्न सोलापुरात करून दिलं. बायडानं भावाचं नाव घेऊन मला कधी टोचलं नाही. फक्त एक करायची. वळसंगात, होटगीत, आसपासच्या वाड्यावस्त्यांत कुणीही मेलं की माझ्यापुढं येऊन उभी राहायची.

"उठा. मातीला जायाचं."

ओळखीचा असो, नसो. पाऊस असो, मला ताप असो. एकदा एका दारुड्याच्या मातीला आम्ही दोघं आणि त्याची बायको, एवढेच होतो. मी म्हणालो, ह्याच्यासाठी कशाला? ती म्हणाली, "हात लावा. खडा नका टाकू, मूठभर माती घ्या." मी किती जणांना माती दिली त्याला मोजमाप नाही. ती प्रत्येक वेळी माझ्या मागं उभी राहून बघायची, मी देतो का नाही ते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला ती गेली. चार दिवस आजारी होती. शेवटच्या दिवशी तिनं पाणी मागितलं. मी पाजलं. मी म्हणालो, "बायडा, त्या दिशी मला वाटलं काजळी तोंड उघडणार न्हाई. म्हणून म्हणालो फायर." एक्केचाळीस वर्षांत हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं.

तिनं पाण्याचं भांडं बाजूला सारलं. "हे आधी का न्हाई सांगितलं?" म्हणाली. "मला वाटायचं, तुमी मारायचं म्हणूनच मारलं."

म्हणजे एवढी वर्षं तिनं ते मनात धरून माझ्या भाकरी थापल्या. मला वाटत होतं की ती जाणून आहे. तिला वाटत होतं की विचारण्यासारखं काही उरलं नाही. संध्याकाळी ती गेली.

तिच्या मातीला सगळा मुलूख आला होता. ज्यांची आई, बाप, लेकरू आम्ही पोचवलं ती सगळी माणसं. रानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी सगळ्यांच्या आधी तिथं जाऊन बसलो होतो.

होटगीच्या गेटवर पलटणीचा दगड आहे. क्रांतीनंतर जे पडले त्यांची नावं त्यावर कोरली आहेत. फक्त आमच्या बाजूची. पलीकडं गेलेल्या सातांपैकी कुणी त्यात नाही. माझ्या हुकमानं गेलेला त्यात नाही. मला ह्या वयात कुणाशी भांडायचं नाही. दगडावर घालत नसाल तर नका घालू. मी इथं लिहून ठेवतो.

नायक बिराप्पा. भुंडाचा स्वार. राहणार वळसंग. वय चोवीस. त्यानं गर्दीवर आग टाकली नाही आणि भंडारा मोडला नाही. आईला माती देऊन माघारी चालला होता. वाट मोकळी होती, पळून जाता आलं असतं. समोर मी आहे हे बघून तो जवळ आला.